सरपंचाची सोयरीक

वारूळवाडीच्या कुशाबाईंनी आजवर दोनशे सहा लग्नं जमवली, आणि त्यातली मोडली फक्त चार. त्या चारांतही दोष पोरांचा होता, असं त्या छातीठोकपणे सांगतात. कुणाच्या घरी उपवर पोर असलं की दोन्ही तालुक्यांतली माणसं आधी कुशाबाईंचा नंबर फिरवतात आणि पत्रिका दाखवायला मग जातात. पत्रिकेवर कुशाबाईंचा विश्वास नाही. "कागूद काय, कुणी बी लिहितं. मी घर बघती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एवढा गाजावाजा, पण घरातच दिव्याखाली अंधार. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ चिमाजी जन्मभर बिनलग्नाचा राहिला. अवसरी खुर्दच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेत कामाला होता. निवृत्त झाल्यावरही तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिला, आणि त्या दोन खोल्यांत त्यानं चार फिश टँक मांडले. कुशाबाईंनी त्याला एकूण अकरा स्थळं दाखवली. तो प्रत्येक ठिकाणी गेला, पोहे खाल्ले, मुलीच्या बापाशी कांद्याच्या भावावर बोलला आणि परत येऊन म्हणाला, "पोरगी चांगली हाय आक्का, पण ऱ्हाऊ दे." अकराव्या खेपेला कुशाबाईंचा तोल गेला. "म्हातारपणी तांब्याभर पानी कोन देईल तुला? ते मासं देतील?" असं त्या चारचौघांत बोलल्या. त्या वर्षी चिमाजी भाऊबीजेला आला नाही. पुढं बोलणं सुरू झालं, पण ते वाक्य दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

यंदा माघात चिमाजी गेला. शेवटचे आठ दिवस नारायणगावच्या दवाखान्यात होता आणि तांब्याभर पाणी कुशाबाईंनीच दिलं. जाण्याच्या आदल्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "आक्का, माझी मासं तेवढी नीट घरी लाव. वही हाय टँकवर." कुशाबाईंनी हो म्हटलं. माणसं घरी लावण्यात हयात गेली होती; मासे म्हणजे काय मोठं!

तेवढ्यात घरमालकाचा निरोप आला, की पहिल्या तारखेपासून खोल्या विद्यार्थ्यांना द्यायच्यात. हातात तीन आठवडे. पेठच्या इंद्रायणीबाई त्यांच्या गोरखसाठी दोन महिने मागं लागल्या होत्या. पोरगा एकोणचाळीसचा झाला, मावशी, काहीतरी करा. त्यांना कुशाबाईंनी फोनवर सांगून टाकलं, "आधी चिमाची सोळा पोरं उजवू दे, मंग तुमचा गोरख."

कुशाबाईंचा मुलगा भरत टेम्पो घेऊन आला आणि चारही टँक वारूळवाडीला ओसरीवर आले. वही निळ्या कव्हराची होती. ती कुशाबाईंनी पत्रिकांच्या गठ्ठ्यात टाकून दिली, कारण कागदावर भरवसा ठेवायचा नाही हा नियमच होता. पहिल्याच दिवशी त्यांनी एकत्र कुटुंबाचा प्रयोग केला. चार घरांना चार विजेचे पंप कशाला, म्हणून गप्पी मासे मोठ्या टँकात सोडले. त्या टँकात ऑस्कर जातीचा मासा होता. तळहातापेक्षा मोठा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे, आणि चेहऱ्यावर कायम ग्रामसभा उधळून लावायच्या बेतात असल्याचा भाव. चिमाजी त्याला 'सरपंच' म्हणायचा. चहा गाळून होईपर्यंत सरपंचांनी तीन गप्पी गिळले. उरलेले कुशाबाईंनी पुरणाच्या चाळणीनं बाहेर काढले. ती चाळण सून वृषालीनं पुन्हा स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.

मग मात्र त्या रीतीवर आल्या. नारायणगावात माशांचं दुकान असलेल्या शौकतला बोलावून घेतलं. शौकतनं एकेक टँक बघून स्वभाव सांगितला. गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि तो घाण फार करतो. एंजल माशांना ऊन पाणी लागतं आणि बोअरचं क्षाराचं पाणी त्यांना सोसत नाही. गप्पीला उलट तेच पाणी मानवतं. "म्हंजे एकीला ऊन, एकीला गार, आन् एकीला खारं," कुशाबाई म्हणाल्या. "अरं, ह्ये तर रोजचंच हाय माझं."

त्या पदर खोचून घरं बघायला निघाल्या. गोल्डफिशसाठी गावातल्या डॉक्टरचा दवाखाना हेरला. आत गेल्या, नाडी दाखवली आणि विचारलं, "तुमचा एसी दिवसभर चालतो का पेशंट असल्यावरच?" दिवसभर चालतो म्हटल्यावर स्थळ पक्कं झालं. एंजल जुन्नरला शौकतच्या बहिणीकडं, सायराबानूकडं गेले. तिच्याकडं नळाचं मऊ पाणी होतं, हीटर होता, आणि पाणी बदलताना ती आधी हात घालून बघते हे कुशाबाईंनी दारातूनच टिपलं. चुलतदीर धर्माजींच्या गोठ्यापुढं हौद होता, तिथं गप्पी. धर्माजींकडून त्यांनी हौदाला आतून चुना लावणार नाही असं वदवून घेतलं. निघताना प्रत्येक पिशवीला हळदकुंकू लागलं. गोल्डफिशच्या वेळी त्यांना चक्क रडू आलं. वृषाली गालात हसली, पण तिनंही डोळ्याला पदर लावला.

राहिला सरपंच. "मावशी, ह्याला असाच एकटा ठेवा," शौकतनं निघताना सांगितलं होतं.

"एकटा कशापायी? त्यानं कुनाचं घोडं मारलंय?"

"जात तशी हाय त्याची."

"जातीचं मला नको सांगू. समद्या पोरांचे आईबाप असंच म्हनत्यात. एकदा घरात मानूस आलं का निवळतं."

पेठला हमरस्त्यावर बाळासाहेबांचं हॉटेल आहे. तिथं गल्ल्यामागं सहा फुटी टँक आणि त्यात एकुलता एक ऑस्कर. सरपंचापेक्षा थोडा लहान, थोडा बुजरा. हा मासा नर की मादी हे शौकतलाही सांगता आलं नसतं, पण कुशाबाईंनी मिसळ संपायच्या आत ठरवलं, की ही मुलगी आहे आणि घराणं चांगलं आहे. बाळासाहेबांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतनं सरपंचाला पेठला नेऊन सोडलं. कुशाबाईंच्या हिशेबी ही दोनशे सातवी सोयरीक. घरी येऊन त्यांनी शिरा केला. मनातल्या मनात चिमाजीला म्हणाल्या, बघ, तुझं न्हाई झालं, पन ह्याचं मी केलं.

शिरा खाऊन होतो न होतो तोच बाळासाहेबांचा फोन. "कुशाबाय, तुमच्या जावयाला घेऊन जावा. आमचं बी गप न्हाई बसलं. गिऱ्हाईक मिसळ सोडून मारामारी बघतंय, राव!"

सरपंच परत आला तो एक पर फाटलेला, डोळ्यावर पांढरी खरचट, आणि एका कुशीवर कलंडलेला. तो टँकच्या तळाशी पडून राहिला. शौकत येऊन मीठ घालून गेला, आता वाट बघायची म्हणाला. एक दिवस गेला, दोन गेले. चिमाजी घालायचा त्या गोळ्या पाण्यावर तशाच तरंगत राहिल्या. इतर सगळे मासे आपापल्या घरी सुखात होते, पण कुशाबाईंना त्याचं काही वाटेना. चिमाजीनं हातानं भरवलेला हा एकच जीव होता आणि तो आपल्या हातानं मरायला टेकला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी फोन बंद करून ठेवला. त्यांचा फोन बंद असण्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गठ्ठ्यातून वही काढली आणि टँकसमोर पाटावर बसून चष्मा लावला. चिमाजीचं अक्षर प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखं, सुटं आणि स्वच्छ. गोल्डफिश, एंजल, गप्पी. शौकतनं सांगितलेलं सगळं तिथं होतं. शेवटचं पान ऑस्करचं.

'एकटा ठेवावा. जोडी देऊ नये. एकटा आहे म्हणजे दुःखी आहे असं नाही, त्याचा स्वभावच तो. त्याला समोर रोज थोडा वेळ माणूस दिसलं की पुरतं. रुसला तर पडून राहतो. घाबरू नये, जवळ बसावं.'

कुशाबाईंनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि मोठ्यानं रडल्या, अगदी तेराव्यालाही रडल्या नव्हत्या तशा. वृषाली धावत आली. "काय न्हाई गं," त्या म्हणाल्या, "मी लई तरास दिला त्याला." सुनेला वाटलं, माशाला.

त्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ टँकसमोर बसू लागल्या. लसूण सोलायचा, वाती वळायच्या, चिमाजीच्या लहानपणीचं काहीबाही बोलायचं. पाचव्या दिवशी सरपंच सरळ झाला, काचेपाशी आला आणि त्यांच्याकडं त्याच जुन्या ग्रामसभेच्या नजरेनं बघून एक गोळी खाऊन गेला. कुशाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, हे कुणाला सांगितलं नाही.

फोन सुरू झाला तसा पहिला फोन इंद्रायणीबाईंचा. दुसऱ्या दिवशी त्या बायोडाटा घेऊन हजरच. "मुलगी नोकरीवाली असली तरी चालंल, मावशी. घटस्फोटाची बी चालंल."

"गोरख कुठाय?"

"भायेर, गाडीवर. त्याचं काय काम?"

कुशाबाईंनी त्याला आत बोलावलं. दोनशे सहा लग्नांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मुलगा बैठकीला लागतो, विचारायला नाही. गोरख अवघडून टँकसमोरच्या पाटावर टेकला. सरपंच काचेशी येऊन त्याला न्याहाळायला लागला.

"गोरख, तुला लगीन करायचंय का?"

इंद्रायणीबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. गोरखनं आईकडं बघितलं, मग माशाकडं बघितलं.

"न्हाई, मावशी. मी बरा हाय."

"मंग इतकी वरसं बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"कुनी इचारलंच न्हाई," गोरख म्हणाला. "समदे इचारत्यात, पोरगी कशी वाटली."

कुशाबाईंनी बायोडाट्याची घडी घातली आणि इंद्रायणीबाईंच्या हातात परत दिली. चिमाजीलाही त्यांनी अकरा वेळा 'पोरगी कशी वाटली' एवढंच विचारलं होतं.