गाडीच्या तळाचं भोक

मळवलीच्या ज्या बंगल्याची राखण माझे वडील करतात, त्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. ती बांधली होती पाण्याची मोटर आणि गवत कापायचं यंत्र ठेवायला. पुढे यंत्राला शेड मिळाली आणि खोली आम्हाला मिळाली. वर सिमेंटचा पत्रा, खाली कोबा, एक दार आणि हिरवळीकडे उघडणारी एक खिडकी. ती उघडली की आमची भांडी, आमची वाळत घातलेली लुगडी पाहुण्यांना दिसायची. म्हणून बंगल्याच्या मालकांनी, मोठ्या साहेबांनी, ती कायमची ठोकून घेतली. खिळे मारले आबांनीच. मालकांनी फक्त बोट दाखवलं.

आबा म्हणजे माझे वडील. राखणदाराचं निम्मं काम बुजवण्याचं असतं. मावळातला पाऊस कुठून आत शिरेल सांगता येत नाही, आणि पाऊस सरला की उंदीर शिरतात, उंदरांमागे साप. आबांनी बुजवलेलं भोक पुन्हा उघडत नाही, अशी त्यांची कीर्ती होती. आमच्या खोलीच्या पत्र्याखालच्या फटीही त्यांनी चिंध्या कोंबून आणि वरून सिमेंट लिंपून बंद केल्या होत्या. थंडीत आम्हाला ऊब राहावी म्हणून.

थंडीत जेवणं झाली की चुलीतले निखारे शेगडीत घ्यायचे आणि शेगडी घरात आणायची, ही आमच्याकडची रीत. नियम एकच. धूर असेस्तोवर बाहेर, धूर सरला की आत. माझी आजी तसं करायची, आई तसं करायची, सगळी आळी तसं करायची. पण आळीतल्या घरांना कौलं होती, कौलांतून वारा खेळायचा. आमच्या खोलीत वारा यायला जागाच नव्हती.

मी सातवीत होते. बंगल्यावर पाहुणे असल्यामुळे आबा रात्रभर तिकडच्या व्हरांड्यात होते. सकाळी ते आले तेव्हा आई उठत नव्हती आणि त्यांनी हाक मारली तर मी नुसते डोळे फिरवत होते. त्यांनी आम्हा दोघींना ओढून अंगणात आणलं. मला भडाभडा ओकारी झाली. आईला दुपारपर्यंत धड बोलता येईना, चालायला गेली की झोकांड्या जायच्या. मोठे साहेब हातात चहाचा कप घेऊन पाहुण्यांबरोबर बघायला आले आणि म्हणाले, "काय आबा, तुमच्याकडे बायकापण घेतात वाटतं?" पाहुणे हसले. आबा मान खाली घालून आईला पाणी पाजत राहिले.

गावात दोन गोष्टी झाल्या. काही जण म्हणाले, बाहेरचं लागलं. त्यांनी लिंबू उतरवून टाकलं. ते परवडलं, त्यात कुणाची अब्रू तरी जात नाही. पण बंगल्यावरचं बोलणं नळावर पोचलं. "बंगल्यावरची राखणदारीण पिऊन पडलीती." आई, जिने आयुष्यात कधी तंबाखूसुद्धा मळली नाही, ती त्यानंतर दोन वर्षं कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार. मळवलीहून लोकलने तळेगावला जायचे, रसायनशास्त्र घेतलं होतं. दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर कोळसा अर्धवट जळला की काय तयार होतं ते लिहिलं. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, धूर नाही. रक्त प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसतं. मी हात वर केला.

"सर, बंद खोलीत शेगडी ठेवली तर?"

"तर माणसं सकाळी उठत नाहीत," सर म्हणाले आणि पुढचं समीकरण लिहायला वळले.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं. आबांना पटेना. "धूर सरल्यावरच आत आनलती ना?"

"आबा, धूर दिसतो म्हणून आपण पळतो. हा दिसतच नाही."

आई भाकरी थापत होती. थांबली. "म्हंजी मी पिऊन पडले न्हवते."

"नव्हतीस."

"ते मला ठावं हाये गं. साहेबाला कोन सांगनार?"

शेगडी आत येणं बंद झालं, पण खिडकी तशीच राहिली. मी दहादा म्हटलं, खिळे काढा. आबांचं एकच, "साहेबांनी ठोकायला लावलीया. साहेब म्हनतील तवा." मग मोठे साहेब वारले, तरी खिडकी बंदच.

पदवी घेऊन मी कान्हे फाट्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. आम्ही साध्या मोठ्या गाड्या घेतो आणि आत पलंग, ओटा, दिवे बसवून राहण्याजोग्या करतो. गॅसचं काम माझ्याकडे. नळीच्या जोडांवर मी साबणाचा फेस लावायला बसले की मिस्त्री हाक मारतात, "डॉक्टरीणबाई, पेशंटची नाडी लागली का?" मी म्हणते, नाडी लागली तर पेशंट गेला समजा. फुगा दिसला म्हणजे गळती.

मागच्या थंडीत तिथे धाकटे साहेब गाडी घेऊन आले. मोठ्या साहेबांचे चिरंजीव, आता बंगला त्यांचा. आठ दिवसांनी हिमाचलात बर्फ बघायला निघणार होते. बायको, दोन मुली आणि स्वयंपाकाला आमचे आबा. "आबांच्या हातचं पिठलं तिकडे हवंच," ते म्हणाले आणि त्यांनी खोक्यातून एक हीटर काढला. सिलिंडरच्या डोक्यावर पिळून बसवायचा, पुढे जाळी लाल होते, असला.

"मस्त आहे. बघ, धूरसुद्धा होत नाही."

हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं ते मला आठवायला लागलं नाही.

"साहेब, हा मी बसवणार नाही."

"बसवायचं काय त्यात? ठेवायचा आणि पेटवायचा."

"म्हणूनच. गाडीतली हवा हाच खाणार, आणि टाकलेली हवा तुमच्या मुलींच्या नाकात जाणार."

"एक काच बोटभर उघडी ठेवू की."

"आणि मुली कुडकुडायला लागल्या की ती काच कोण बंद करणार? तुम्हीच."

मग मी त्यांना दुसरा दाखवला. त्यात ज्योत बंद पेटीत असते. जळायला हवा बाहेरून घेतो, जळकी हवा बाहेरच टाकतो, आत येते ती फक्त ऊब. घरगुती सिलिंडर गाडीत नको, शिवाय कडाक्याच्या थंडीत त्यातला गॅस नीट वरच येत नाही. म्हणून छोटं प्रोपेनचं सिलिंडर.

"म्हणजे माझ्या नव्या गाडीला भोक?"

"तीन."

"तुला माहीत आहे ना, आबा कुणाकडे कामाला आहेत?"

"माहीत आहे. कुणाच्या गाडीत झोपणार आहेत, तेही माहीत आहे."

"कॉलेजात गेलीस तर भलतीच बोलायला लागलीस."

"त्यासाठीच गेले होते."

राखणदाराला काढायला एक फोन पुरतो आणि नोकरीबरोबर खोलीही जाते. पण आबा त्या गाडीत झोपणार होते. एकदा माझ्या घरातली माणसं ओढून अंगणात आणावी लागली होती, पुन्हा नाही. शेवटी मिस्त्री बोलले, "साहेब, गॅसचं ही म्हणेल तसंच. न्हाईतर दुसरीकडं बघा." दुसरीकडे आठ दिवसांत गाडी तयार होणार नव्हती. साहेब धुसफुसत कबूल झाले.

मी मन लावून काम केलं. सिलिंडरला आतल्या बाजूने पूर्ण बंद पत्र्याचा कप्पा, दार फक्त बाहेरून. सिलिंडर उभं राहील, हलणार नाही असा पट्टा. पत्र्यातून नळी जाते तिथे रबर, म्हणजे हादऱ्याने ती कापली जाणार नाही. बाहेरची हवा घ्यायला एक भोक, जळकी हवा टाकणाऱ्या पाइपला दुसरं, खिडक्यांपासून लांब. उशाजवळ मोनॉक्साइडचा अलार्म, जमिनीलगत गॅसगळतीचा. आणि तिसरं भोक कप्प्याच्या तळाला, थेट गाडीखाली उघडणारं. प्रोपेन हवेपेक्षा जड; गळलाच तर खाली बसतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

गाडी बंगल्यावर गेली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सिलिंडर जोडून शेवटची तपासणी करायला गेले. गाडी धुऊन लख्ख केलेली. कप्पा उघडला आणि बघतच राहिले. तळाचं भोक नव्हतं. चिंधी कोंबून, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगसुद्धा लावला होता. इतकं सुबक काम मावळात एकच माणूस करतो.

"आबा!"

ते फडकं घेऊन हसतच आले. "बगितलं व्हय? तुमच्या मिस्त्रीनं भोक तसंच सोडलंतं. उंदीर शिरला असता."

मी ओरडले. "ते मी पाडलंय! सोडलेलं नाही, पाडलंय!"

"आगं, भोक कोन मुद्दाम पाडतं?"

त्यांना समीकरण सांगून उपयोग नव्हता. सिलिंडर अजून बाहेरच होतं. मी बागेतली झारी आणली आणि कप्प्यात पाणी ओतलं. तळाला चार बोटं पाणी साठलं. "हा गॅस आहे असं समजा. गळला. कुठं जाईल?"

"हितंच ऱ्हाईल."

"आणि कुणी काडी ओढली तर?"

आबांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेतला, लांबी फोडली, चिंधी ओढली. पाणी भसकन गाडीखाली गेलं. ते वाकून बघत राहिले. "भाताच्या खाचराच्या बांधाला पानी जायाला त्वांड ठेवतो, तसं."

"तसंच."

ते उठले नाहीत. हातातल्या ओल्या चिंधीकडे बघत म्हणाले, "खोलीच्या पत्र्याखाली बी म्याच कोंबल्याल्या."

मी त्यांच्या हातातली चिंधी काढून घेतली.

तेवढ्यात धाकटे साहेब आले. "आबांनी भोक बुजवलं का? बरं झालं, मी म्हणतच होतो."

"न्हाई साहेब. उगडलं," आबा म्हणाले. "आन आजून एक उगडायचंय."

ते शेडमधून पकड आणि हातोडा घेऊन आले आणि आमच्या खोलीच्या खिडकीशी गेले. गंजलेले खिळे करकरत निघू लागले. साहेब मागोमाग गेले. "अहो आबा, पाहुण्यांना दिसेल सगळं."

"दिसू द्या. मानसं ऱ्हात्यात हितं." शेवटचा खिळा निघाला तेव्हा आबा वळले. मी त्यांना साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवताना पहिल्यांदाच पाहत होते. "साहेब, माझी बायकू त्या दिशी पिऊन पडली न्हवती. ही खिडकी बंद व्हती. तुमच्या वडलांनी सांगितली, म्या ठोकली. शेगडीचा गॅस आत कोंडला. कामावरनं काडायचं तर काडा, पर ही आता बंद व्हायाची न्हाई."

आत आई उभी होती. इतक्या वर्षांनी उजेड तिच्या अंगावर पडला होता, त्याने डोळे बारीक करून ती बघत होती, पण मागे सरली नाही.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग गाडीकडे. त्यांनी माफी मागितली नाही, ती मी धरूनही चालले नव्हते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "ते भोक आता पूर्ण मोकळं आहे ना?" आणि खाली बसून स्वतः बोट घालून पाहिलं.

मी सिलिंडर जोडलं, जोडांना फेस लावला, एकही फुगा आला नाही. आबांना दोन गोष्टी पाठ करायला लावल्या: गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद, आणि अलार्म वाजला तर आधी माणसं बाहेर, मग विचार.

पुढे रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. बर्फ कसा आहे, मुलींनी पिठलं खाल्लं का, काही सांगायचे नाहीत. "उटलो सगळी," एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

गेली तेवढी सगळी परत आली. आबा कामावर आहेत. खोलीची खिडकी उघडी आहे, आणि माझी आई त्या सकाळी पिऊन पडली नव्हती, हे आता बंगल्यावर माहीत आहे.