मोठ्या भोकाची रेकॉर्ड

अमरावतीला कॉलेजात गेलो तेव्हा माझं इंग्रजी सगळं पुस्तकातलं होतं. शब्दांचे अर्थ येत, पण ते शब्द बोलतात कसे हे मी कधी नीट ऐकलं नव्हतं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात इंग्रजी उतारा म्हणायला इंग्रजीच्या सरांनी माझंच नाव दिलं. का दिलं, मला अजून कळलेलं नाही. बाकीचे प्राध्यापक हसले, तेव्हा सर म्हणाले, याची हमी माझी. शिपायानं हे मला सांगितलं आणि माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

सरांच्या भावानं अमेरिकेहून एक लहान रेकॉर्ड पाठवली होती. तिच्यावर तोच उतारा एका गृहस्थानं वाचलेला. सरांकडे यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी ती मला दिली. आमच्या होस्टेलात चावीचा जुना ग्रामोफोन होता. पण रेकॉर्डचं भोक रुपयाहून मोठं आणि ग्रामोफोनचा मधला खिळा पेन्सिलीपेक्षा बारीक. सरांना हे सांगायची लाज वाटली. शनिवारी रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी गेलो.

माझे वडील बैलगाड्या बनवत. त्यांनी रेकॉर्ड उजेडात धरली आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"भोक मोठं अन् खिळा बारीक, एवढंच ना? गाडीची आस झिजली की चाकाले बी असंच होते."

बाभळीच्या तुकड्याची त्यांनी रेकॉर्डच्या भोकात बसेल अशी चकती कातली, मधोमध बारीक भोक पाडलं. होस्टेलात आल्यावर बसवून पाहिली. जरासुद्धा हलत नव्हती.

चावी दिली. आतून चिमणीसारखा चिवचिवाट आला. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी चक्रावलो, पण चकती बरोबर, यंत्र चालू, म्हणजे इंग्रजी असंच बोलत असणार. मला ऐकायची सवय नाही, दोष माझाच. स्प्रिंग उतरत आली की आवाज जड होई, घटकाभर कुणी शहाणा माणूस बोलल्यासारखा वाटे. यंत्र थकलं असं समजून मी लगेच पुन्हा चावी देई. दोन-तीन आठवडे असा सराव केला. सुईच्या टोकाला काळा भुगा जमे, तो मी फुंकून टाकी.

संमेलनाला वडील आले होते, शेवटच्या रांगेत बसले. मी उतारा सुरू केला आणि रेकॉर्डसारखाच भराभर, एका दमात संपवला. सगळा हॉल हसला. सर मात्र हसले नाहीत. ते खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रेकॉर्ड घेऊन एका रेडिओच्या दुकानात नेलं. वडीलही मागोमाग आले. दुकानदारानं चकतीसकट ती विजेच्या प्लेअरवर ठेवली आणि एक खटका फिरवला. खरखर आली, आणि तिच्या मागून एक माणूस सावकाश, समजावून सांगितल्यासारखा बोलू लागला. हा आवाज मी ओळखत होतो. चावी देऊन देऊन मी रोज यालाच घालवत होतो.

मी होस्टेलच्या चावीच्या ग्रामोफोनचं सांगितलं, तसा दुकानदार म्हणाला, तुमचा ग्रामोफोन मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा, ही पंचेचाळीसची. आणि त्या लोखंडी सुईनं हिला खरडून टाकलंय.

"माही चकती वाकडी होती काय?" वडिलांनी विचारलं.

"नाही हो. चकती एकदम बरोबर."

"म्हणजे चाक ठीक होतं, बैल जोरात पयत होते."

दुकानदार मान हलवत हसला. मी सरांकडे बघूच शकत नव्हतो. रेकॉर्ड त्यांच्या भावाची, हमी त्यांची, आणि दोन्हींचं मी हे केलं होतं. माफी मागायची ती मराठीत की इंग्रजीत, एवढंही मला ठरवता येईना.

सरांनी त्या फिरणाऱ्या चकतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे वेगाचं मलाही माहीत नव्हतं."

त्यांनी दुकानदाराला रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली. माझ्यासाठी स्टूल ओढलं.

"बस. पुढच्या वर्षी हाच उतारा म्हणायचाय तुला."