पोटाचं ऑपरेशन

मॅचची शेवटची ओव्हर आली की माझ्या नवऱ्याच्या गोट्या कपाळात जातात, आणि हे तो अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगतो. पण त्या सकाळी त्यातलीच एक अचानक सुजून दगड झाली, दुखण्याने उलटी झाली, तेव्हा हाच वाघ कांदिवलीच्या आमच्या फॅमिली डॉक्टरला म्हणाला, "पोटात दुखतंय." का, तर शेजारी आई बसली होती! डॉक्टरही तसलाच. पँट सोडायला न सांगता त्याने ॲसिडिटीचं इंजेक्शन ठोकलं.

संध्याकाळी त्याला चालवेना, तेव्हा कुठे मला खरं कळलं. मी हॉस्पिटलात नेलं आणि सर्जनला तो शब्द मीच सांगितला. आत पीळ पडून रक्तपुरवठा बंद झाला होता. "सकाळीच आणलं असतं तर बहुतेक वाचलं असतं," सर्जन म्हणाले. वृषण काढावं लागलं.

आता बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगतात, "पोटाचं ऑपरेशन झालं हो. हिच्या हातचं तिखट बाधलं." आणि वाघ पडल्या पडल्या मान डोलावतो.