कृष्णाबाईंच्या स्वयंपाकघरातलं बटण

"अक्का, भातात पुन्हा खडा! पुढच्या द्वादशीपासून चुलीपुढे सून बसेल."

"खडा तांदळातला रे भीमा, माझ्या हातातला नव्हे. आणि तुझ्या सुनेला आमटीत मीठ किती घालावं ते तरी कळतं का?"

हे भांडण मी दाराआडून ऐकलं. पंचावन्न साल असेल. कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या घरात मी नवी सून. भांडत होते ते माझे सासरे भीमाचार्य आणि त्यांची थोरली विधवा बहीण कृष्णाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई. मिठाचं खरंच होतं, म्हणून मला रागही येईना.

एकादशीचा उपास द्वादशीला उजाडताच सोडायचा, म्हणजे तांदूळ निवडणं अंधारातच. आत्याबाईंची नजर मंद झालेली, समईच्या उजेडात खडा दिसेना. स्वयंपाकघरात वीज नव्हती. आणि चूल गेली तर त्या घरात त्यांचं म्हणून दुसरं काय होतं? मलाही ती चूल नकोच होती. त्यात माया किती आणि आळस किती, ते विचारू नका.

आमचे हे गावातल्याच शिवाजीनगरात रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्या पेटीतून मी टॉर्चचा एक सेल, इवलासा दिवा, वायर आणि पत्र्याची पट्टी उचलली. दिव्याच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना लावल्या. लागला! मग बटण हवं म्हणून पट्टी अशी बसवली, की फिरवली की ती सेलच्या दोन्ही टोकांना टेकावी. फिरवली, दिवा विझला. तिसरी शिकलेली बाई मी. वाटलं, आता दरबारातून शालजोडी येणार. सेल वाचावा म्हणून तसाच विझवून ठेवला. तासाभरात सेल नुकत्या उतरवलेल्या इडलीइतका गरम, आणि मेलेला.

संध्याकाळी हे हसून हसून खाली बसले. "अगं, दिवा विझला म्हणजे वीज थांबली नाही. तू तिला जवळची वाट करून दिलीस, ती दिव्याला टाळून पळाली. एक वायर तोड आणि त्या फटीत पट्टी घाल."

तोडली. पट्टी जोडली की उजेड, सरकवली की अंधार. नव्या सेलवर दिवा तांदूळ निवडायच्या ताटावर टांगला.

आत्याबाईंनी लांबूनच पाहिलं. "मी मडीत आहे. सगळ्यांनी हाताळलेलं ते मी शिवू?"

सोवळ्याला आमच्याकडे मडी म्हणतात. त्यात रेशीम चालतं. म्हणून मी लग्नातल्या साडीचा रेशमी काठ फाडला आणि पट्टी गुंडाळली. उत्साहात टेकायचं टोकही गुंडाळलं, दिवा लागेना. तेवढं पुन्हा सोडलं. साडी फाटली ती फाटलीच.

त्या द्वादशीला सासरे भात चिवडत चिवडत जेवले. हात धुताना म्हणाले, "सरी, ठीक आहे. अक्कालाच करू दे."

पुढे नऊ वर्षं चूल आत्याबाईंचीच राहिली. सेल आणायचं कामही त्या कुणाला देईनात. एकादशीच्या आदल्या दिवशी दिवा पदराच्या गाठीत बांधून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जात.

चौसष्ट साली, आजारी पडण्याच्या आठवडाभर आधी, त्या अशाच निघाल्या.

"आत्याबाई, ऊन आहे. मी आणते."

"तुझ्या गळ्यात तो दुकानदार जुना सेल मारेल," म्हणाल्या, आणि गेल्या. दुकानदाराला एकेक सेल त्या दिव्याला लावून दाखवायला लावला, दोन परत केले, तिसरा मुठीत धरून भिंतीच्या सावलीनं घरी आल्या.