अम्मींची खळ

माझ्या सासरी शोभेची दारू करतात. सोनईपासून थोडं आत, आमच्या वस्तीमागे, ओढ्यापलीकडे पत्र्याचं शेड आहे. आसपासच्या यात्रा-उरुसांना लागणारे नळे, चक्रं आणि आभाळात फुटून रंगीत तारे सांडणारे गोळे तिथे तयार होतात. लग्न होऊन मी अकोले तालुक्यातून आले तेव्हा मला या धंद्याची धास्तीच होती. माहेरी भाताची शेती. तिथे दिवाळीच्या फुलबाज्यांपुढे आमची कधी मजल गेली नव्हती.

शेडमध्ये अब्बा, म्हणजे माझे सासरे, आणि माझे पती काम करायचे. तिथे चूल नाही, आगपेटी नाही, मोबाईलसुद्धा बाहेर ठेवायचा. पण चिकटवायची खळ तर विस्तवाशिवाय होत नाही. म्हणून ती घरात शिजायची, आणि अम्मी, माझ्या सासूबाई, गार झालेलं झाकलेलं पातेलं कमरेवर घेऊन ओढा ओलांडायच्या. कागदाची नळी वळायची ती खळीवर आणि गोळ्यातले तारे, म्हणजे रंगीत दारूचे खडे, बांधायचे तेही खळीवरच. खळ पातळ झाली तर तारा वाळल्यावर हातातच भुगा होतो; फार घट्ट झाली तर पेटायला कुरकुरतो, नुसता धुरकटतो. यात्रेत लोक अब्बांची पाठ थोपटायचे. ते घरी येऊन अम्मींना म्हणायचे, "आज तुझी खळ चांगली हुती." घरात आमची बोली दखनी आणि मराठी अशी मिसळलेली, इथे सगळं मराठीतूनच लिहिते.

मला मात्र अम्मी खळीला हात लावू देत नसत. "तू भाकरी टाक. ह्ये माझं हाय," म्हणायच्या.

एका सकाळी चहा गाळताना त्यांच्या हातून गाळणी पडली. लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. नगरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा यात्रांचा हंगाम तोंडावर आला होता. अब्बांनी बाजारातून डिंक आणून पाहिला. तारे सावलीत वाळत घातले, तर उचलायला जावं तो कडा गळून पडायला लागल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून ते माझ्या पतींना म्हणाले, "औंदा घोडेगावकरांना न्हाई म्हनून सांगू. त्यांना दुसरं कुनी बी मिळंल."

आत बाजेवर पडलेल्या अम्मींनी ते ऐकलं. डाव्या हातानं त्या बाजेचं लाकूड बडवायला लागल्या. मी धावत गेले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चुलीकडे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांची बाज स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. मी तांदळाचं पीठ कालवून खळ चढवली. पहिलीत गाठी झाल्या. अम्मींनी तोंड फिरवलं. दुसरी तळाला लागली, ते तर त्यांना वासावरूनच कळलं. तिसरीतली पळीभर त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्याला लावून चिमूट उघडली, खळीची तार तुटेपर्यंत बघत राहिल्या आणि माठाकडे मान वळवली.

"पाणी?"

मान हलली. मी तांब्या आणला, तशी त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि स्वतःच हळूहळू कलवलं. पुरे इतकं पाणी पडल्यावर तांब्या सरळ केला, पण मनगट सोडलं नाही. हात गार होता त्यांचा. मला एकदम रडू फुटलं. त्या हसल्या, अर्ध्याच तोंडानं.

पातेलं मी शेडच्या दारात नेऊन दिलं. अब्बांनी बोट लावून पाहिलं.

"तिनं सांगितली?"

"हां, अब्बा."

"कशी? बोलायला तर येत न्हाई."

"माझा हात धरून."

त्यांनी पटकन पाठ फिरवली आणि कागद मोजायला लागले.

घोडेगावच्या यात्रेला आम्ही अम्मींना टेम्पोत गादी टाकून नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी घरची दारू उडताना जवळून पाहिलीच नव्हती. शेवटची खळ पोचती केली की त्या थकून झोपून जायच्या. पहिल्या आवाजाला त्यांनी डोळे मिटले आणि डावा कान झाकला. उजव्यावर मी माझा तळवा ठेवला. पुढचा गोळा फुटला. हिरवे तारे उमलले आणि खालपर्यंत जळत आले, एकही मध्येच विझला नाही. अम्मींनी डोक्याला हिसका देऊन माझा हात कानावरून झटकला. त्यांना आता आवाजही हवा होता.

एक नळा मात्र नुसता फुसफुसला. त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "दमट झाला असंल," मी म्हटलं. शेजारची एक म्हातारी बाई विचारत होती, "कुनाची दारू म्हनायची ही?"

"यांची," मी अम्मींकडे बोट दाखवलं. अम्मींनी पदर सारखा केला.

आता त्या काठी घेऊन चालतात. थोडे शब्द परत आलेत: चहा, ऊन, थांब. मी खळ ढवळत असते तेव्हा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि "थांब" फार वेळा म्हणतात. मागच्या आठवड्यात पातेल्यात एकदाच डोकावल्या, "बास" म्हणाल्या, आणि काठी टेकत कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात गेल्या.