मी तारेच्या कडेनं फिरलो नव्हतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. प्रल्हाददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोह्याच्या बसस्टँडवर चहा पीत उभा होतो. शीलावहिनी रडत म्हणाल्या, "भाऊजी, दादा गेले हो तुमचे..." आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलेला शब्द होता, सुटलो. क्षणभरच. मग मी चहाचे पैसे दोनदा दिले; चहावाल्यानंच परत केले. याला आता दीड महिना झाला. भीती काही गेली नाही. ज्याच्यासमोर कधीतरी खरं बोलता आलं असतं, तो माणूसच आता नाही.

दादा नांदेडच्या ऑफिसात माझे वरिष्ठ, घर लातूरला. आमचं काम असं, की धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी तिथून रेडिओवर एक डिजिटल निरोप सुटतो, नदीकाठच्या गावात ग्रामपंचायतीच्या छतावरचा रिसीव्हर तो ओळखतो, भोंगा वाजतो आणि लोक पात्रातून वर येतात. मुखेडकडच्या एका गावात मात्र हा भोंगा उगाचच वाजायला लागला. कारण निघालं झटका मशीन. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती तार ओढतात आणि मशीन तिच्यात सेकंदा-सेकंदाला विजेचा झटका सोडतं. तारेला ओलं गवत टेकलं की ठिणगी पडते, आणि ती रेडिओत 'टक्' करून घुसते. आमचा जुना रिसीव्हर त्या टकटकीलाच निरोप समजायचा.

"ओ साहेब, तुमचा ह्यो भोंगा हाय का कोंबडा?" पारावरचा एक म्हातारा दादांना म्हणाला. "कव्हाबी आरडून राहिला. परवा तर आमच्या जावयाला पाहून आरडला."

"मग जावई आले का पात्रातून वर?" दादांनी विचारलं, आणि सगळा पार हसला.

दादांची पद्धत त्यांची स्वतःची होती. ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून ते तारेच्या कडेनं चालत. टकटक मोठी झाली की वाकायचं, विळ्यानं गवत कापायचं, तार ताणून घ्यायची. तारेचा सगळा फेरा असा पुरा झाला की मगच रिसीव्हरची पेटी उघडायची. त्यात एक स्क्रू होता. 'टक्' आलं की रिसीव्हर थोडा वेळ आपला कान झाकून घ्यायचा. किती वेळ, ते त्या स्क्रूवर ठरायचं. "ह्याला लई पिळू नको," दादा सांगायचे. "कान झाकला की कचरा बी येत न्हाई अन् निरोप बी येत न्हाई."

एका पावसाळी तपासणीला त्यांनी मला एकट्याला पाठवलं. गुडघाभर चिखल, लांबच लांब तार, आणि माझं लक्ष सगळं दुपारच्या एसटीकडे. मी फिरलो नाही. छतावर चढलो, स्क्रू शेवटपर्यंत पिळला, टकटक बंद झाली. चाचणीचा निरोप मागवला; तो नशिबानं दोन झटक्यांच्या मधल्या फटीत बसला आणि भोंगा वाजला. फोनवर दादांनी विचारलं, "तारेच्या कडेनं फिरलास ना?"

"हाव दादा, सगळी साफ हाय."

माझ्या शब्दावर त्यांनी अहवालावर सही केली.

महिनाभरात तिथं आणखी तिघांनी झटका मशीन बसवलं. चार मशीन, चौघांचा ठेका वेगळा. एकाच्या 'टक्'नं झाकलेला कान उघडतो न उघडतो तोच दुसऱ्याचं यायचं. रिसीव्हर जवळजवळ ठार बहिरा झाला होता. भोंगा गप्प म्हणून गाव खूश होतं. मीही होतो.

मग एका दुपारी दरवाजे उघडले. निरोप तीनदा सुटला, भोंगा वाजलाच नाही. पात्रात गावातली गयाबाई म्हशी धूत होती. म्हशी वाहून गेल्या. ती एका बाभळीला दोन तास धरून राहिली, गावकऱ्यांनी दोर टाकून काढली. आम्ही पोचलो तेव्हा ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गोधडी पांघरून बसली होती, तळहात काट्यांनी सोललेले.

"भोंगा कामून वाजला न्हाई ओ, साहेब?"

दादा तिच्यासमोर खाली बसले. "माझं चुकलं, माय," म्हणाले... आणि मी तेवढ्यात छतावर गेलो. पेटी उघडून स्क्रू जिथं असायचा तिथं परत आणून ठेवला. पेटी बंद करून खाली आलो.

येताना जीपमध्ये दादांनी एकदाच विचारलं, "सुधाकर, फिरला होतास ना रे?"

"हाव दादा."

सही त्यांची होती. शिक्षा म्हणून त्यांना लातूरच्या स्टोअरला नेऊन बसवलं. तारा पुरात गेलेल्या, पेटीतला स्क्रू जागच्या जागी. चौकशीला काही सापडलं नाही. मी नांदेडला राहिलो. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी धरणावर फोन करून दरवाजे बंद आहेत ना, विचारतो. साहेबांनी आत बोलावलं की त्या जुन्या अहवालाचीच उत्तरं मनात जुळवत जातो. दादांचा फोन आला की वाटायचं, कळलं यांना... आणि ते विचारायचे, "पोरीचा निकाल लागला का रे?"

गेल्या आठवड्यात लातूरला जाऊन आलो. शीलावहिनींनी कागदांचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "रोज संध्याकाळी हेच घेऊन बसायचे, भाऊजी. शीला, माझ्या हातून नेमकं काय राहिलं असंल, म्हणायचे. तुम्हाला तरी काही समजतंय का बघा."

त्या रिसीव्हरची गणितं होती. झटक्याची लांबी, निरोपाची लांबी, कान किती वेळ झाकला. पानामागून पान, आणि उत्तर कुठंच जुळलेलं नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर, गृहीत म्हणून, दादांच्या बारीक अक्षरात एकच ओळ: तारेला गवत नाही, सुधाकरनं पाहिलं आहे.

"कळलं का काही?" वहिनींनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हणालो.

दादांच्या हातून काहीच राहिलं नव्हतं. हा मजकूर छापून येण्याआधी मला हे वहिनींच्या समोर बसून सांगायचं आहे, गयाबाईला सांगायचं आहे, आणि ऑफिसला माझ्या सहीनिशी लिहून द्यायचं आहे. एवढं मी देणं लागतो. यातलं अजून एकही झालेलं नाही.