समोरच्या घरी गेलेला साखरेचा डबा

त्या सकाळी मी घरातला साखरेचा डबा, गुळाची ढेप आणि अर्धी बाटली मध असं सगळं समोरच्या काकूंच्या हवाली केलं आणि लढाई जिंकल्यासारखा परत आलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सानपाड्याला नुकतेच राहायला आलो होतो. लेक आठवीत. महिनाभर नुसती तहान तहान करत होती, युनिफॉर्म अंगावर लोंबायला लागला होता, आणि एक दिवस उलट्या सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात दाखल करावं लागलं. मधुमेह निघाला. घरी आली ती इन्सुलिनच्या बाटल्या घेऊनच. फ्रिजच्या दारात सरबताची जागा त्यांनी घेतली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं. पण मी स्वतः जुना मधुमेही. सकाळची फेरी, कारल्याचा रस, एक गोळी. मला कोण काय शिकवणार? बाई सांगत होत्या, बायको ऐकत होती आणि मी जाणत्यासारखी मान हलवत होतो.

आत मात्र एकच किडा वळवळत होता. हे माझ्यामुळे झालं. रविवारची जिलबी मी आणायचो, आणि पहिला वाटा तिचा. आता घरात गोडाचा कण नको, असं मी ठरवून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी आमच्या इमारतीतल्या बायका मिळून एपीएमसीच्या घाऊक बाजारात जायच्या, कांद्याची गोण आणायच्या आणि जिन्याखाली वाटून घ्यायच्या. त्या दिवशी बायकोही निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "तिला इंजेक्शन दिलंय. पोळ्या झाकून ठेवल्यात. अर्ध्या तासात पोटभर खायला घाला. ऐकताय ना?"

"हो गं बाई, ऐकतोय."

ऐकलं खरं. पण 'पोटभर' म्हणजे आम्हा मधुमेह्यांच्या घरात शिवीच. डबा पोचवून आलो आणि दोघांना वाढलं: अर्धी-अर्धी पोळी आणि काकडी.

"बाबा, एवढंच?"

"सवय कर. मी नाही केली?"

ती गृहपाठाला बसली. थोड्या वेळानं पाहतो तर वहीत अक्षर वाकडंतिकडं. मी टोकलं, तर खेकसली. मी म्हटलं, वयच तसलं. मग पाहिलं, पंख्याखाली बसूनही तिच्या कपाळावर घाम, बोटं थरथरतायत, ओठ पांढरे. "बाबा, कसंतरीच होतंय."

दवाखान्यात मान हलवतानासुद्धा बाईंचं एक वाक्य कसं कोण जाणे कानात शिरलं होतं: घाम, थरथर दिसली की लगेच साखर. फळीकडे धावलो. तिथं डब्याचा गोल ठसा तेवढा होता.

काकूंचं दार मी दोन्ही हातांनी ठोठावलं. त्या इथल्याच गावच्या, आमची इमारत उभी राहण्याआधीपासूनच्या. दार उघडून हसल्या, "मना वाटलं दुपारच्या चायला याल डबा मांगायला. तुमी तं न्याहारीलाच आलाव!"

मग माझा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. डबा काखेत मारून त्या माझ्याआधी आमच्या घरात. साखर पाण्यात ढवळली, पोरीला छातीशी धरलं. "पी गो बाय. हलू हलू. सगला पी." पोर घोट घोट प्यायली. मी पेला धरायचं काम करत होतो, म्हणजे सांडायचं. हळूहळू गालावर रंग आला. काकूंनी झाकलेल्या पोळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि माझ्याकडे बघून फक्त "काय ओ" म्हणाल्या. एवढं पुरलं.

संध्याकाळी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंपुढे. किडा मी तिथं बाहेर काढला. "माझ्यामुळेच झालं ना? जिलबीमुळे?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "असं समजा, इन्सुलिन म्हणजे सोसायटीचा वॉचमन. जेवणातली साखर आली की दारं उघडून ती घराघरात पोचवणारा. तुमचा वॉचमन आहे, पण दारं जाम झालीत; ठोठावून ठोठावून तो दमलाय. थोडं घराण्यातून, थोडं त्या पोटामुळे, थोडं खुर्चीमुळे. हा दुसरा प्रकार. हिच्या बाबतीत सोसायटीच्याच लोकांनी वॉचमनला चोर समजून हाकलून दिलंय. शरीर असं का करतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, पण जिलबीनं नक्कीच नाही. हा पहिला प्रकार. तिला वॉचमन रोज बाहेरूनच आणावा लागणार, आणि तो आला की दारात साखर हवीच. काही बायकांना गरोदरपणी होतो तो आणखी वेगळा, बाळंतपणानंतर बहुतेक जातो."

"म्हणजे बाबांचा काही दोष नाही?" लेकीनं विचारलं. हा प्रश्न तिलाही पडला होता, हे मला तेव्हा कळलं.

"आजाराचा नाही," बाई म्हणाल्या. "आजच्या नाश्त्याचा आहे."

लेक खळखळून हसली. त्या हसण्याचे, आणि समोरच्या दाराचे, उपकार मी अजून फेडतोय.

घरी आल्यावर डबा पुन्हा फळीवर, आपल्या ठशावर बसला. बायकोनं चहा टाकला. मन हलकं झालं होतं. मी हळूच डब्याचं झाकण उघडलं.

पाठमोरीच ती म्हणाली, "अहो, तो डबा पहिल्या प्रकारवाल्यांचा आहे. तुमचा दुसरा."